हातचा एक

तिसरीचा गणिताचा तास
मी हल्ली बाहेर घेते.
बाहेर म्हणजे खरं तर आत:
कच्च्या विटांच्या हातभर जाड भिंती,
वर ताणलेलं पिवळं प्लास्टिक,
आणि इतकं बुटकं दार
की वाकावं लागतं फक्त मला.

एल आल्तो चार हजार मीटरवर.
इथं झाड दिसलं तर समजावं,
कुणाच्या तरी हट्टाचं आहे.
पण या दारातून आत गेलं की
चष्म्यावर वाफ धरते
आणि पांढऱ्या कोटातली सव्वीस मुलं
न सांगता बाह्या वर सारतात.

आठ ओळी, ओळीत चार लेट्यूस. किती?
वायराचा हात प्रश्नाआधीच वर.
लिंबेर्त मात्र एकेक रोप बोट लावून मोजतो,
पाढ्यावर त्याचा भरवसा नाही.
हातचा एक तर त्याला कधीच पटला नाही.
"ठेवायचा कुठे तो, प्रोफे?
हातात तर पेन्सिल आहे."
मोजता मोजता पानाखालचा मावा
अंगठ्यानं पुसत जातो.
त्याचे गुण कुठल्या रकान्यात लिहू?

खाण्याची कथा वेगळीच.
ताटात बटाटा, भात, शेवया,
तिघांचं आपसात छान जमलेलं.
हिरवं दिसलं की मुलं म्हणणार,
"हे तर गिनीपिगचं!"
घरी गिनीपिगला तेच घालतात,
त्यामुळे वाद घालायला जागा नाही.

सान हुआनच्या आदल्या आठवड्यात
सकाळी येऊन बघते तर दार सताड उघडं.
रात्रभर हिव आत येऊन बसलेलं.
पानं काळी, लिबलिबीत,
ओल्या वर्तमानपत्रासारखी.

"दार कुणी उघडं टाकलं?"
माझा आवाज मलाच मोठा वाटला.
सव्वीस माना खाली.
लिंबेर्त रडायला लागला.
त्यानं काही केलं नव्हतं,
पण विचारलं की त्याला वाटतं, आपणच.

मधल्या सुट्टीत रुमालासाठी खिशात हात घातला.
रुमालाखाली दोरी.
कडीला बांधायची, कालची, माझी.

थोडा वेळ तशीच उभी राहिले.
मग वर्गात गेले आणि सांगितलं.

कुणी हसलं नाही.
होसेलिननं भिंतीवरच्या नियमांकडे बोट केलं,
माझ्याच अक्षरातला चौथा:
चुकेल त्यानं आठवडाभर पाणी भरायचं.
"नळापासून, प्रोफे. पिंपातलं घ्यायचं नाही."

मग वजाबाकी केली. दुसरं करणार काय?
बत्तीस वजा एकतीस.
पाण्याच्या पिंपामागे, उबेला,
एक लेट्यूस उरलं होतं,
जरा वाकडं.

लिंबेर्त काळ्या पानाकडे बघत म्हणाला,
"बाबा बटाटे मुद्दाम थंडीत पसरतात.
गोठले की पायांनी तुडवतात,
वाळवतात, चुन्यो होतो, वर्षानुवर्षं टिकतो.
पानांचं तसं का नाही होत?"
मला येत नव्हतं उत्तर.
म्हटलं, बाबांना विचार आणि मला सांग.

शेवटच्या वाफ्यात मुळे होते.
मातीत असलेल्यांना काहीच कळलं नव्हतं.
उपटले, झटकले, झारीखाली धरले,
लाल, अंगठ्याएवढे.
वायरानं घरून मीठ आणलं होतं, कागदात.

लिंबेर्तनं चावा घेतला.
तोंड वेडंवाकडं. थुंकला तळहातावर.
तळहाताकडे नीट बघितलं
आणि परत तोंडात टाकला.
मी दुसरीकडे बघत होते, असं दाखवलं.

दुसरा मुळा त्यानं
कोटाच्या खिशात सरकवला.
"हा कुणाला?"
त्याची धाकटी बहीण आईबरोबर
मिनीबसच्या थांब्यावर मोजे विकायला बसते, मला ठाऊक होतं.
तो म्हणाला, "हातचा."

मी झारी उचलली.
नळ मैदानाच्या त्या टोकाला.
या उंचीवर भरली झारी घेऊन
मधे दोनदा थांबावं लागतं.